बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉल: स्वतःचे मत असलेला प्रेक्षक होण्यासाठी

अमेरिकेत नव्याने राहायला गेलेल्या, किंवा भारतात राहूनच या खेळांची गोडी लागलेल्या मराठी माणसाला बेसबॉल आणि अमेरिकन फुटबॉलचे नियम समजावून सांगणारे पुष्कळ जण भेटतात. तरीही नियम पाठ झाल्यावर सामना परकाच वाटत राहतो, कारण शेजारच्या खुर्चीतला प्रेक्षक नियमांबद्दल बोलतच नसतो. पिचर, म्हणजे बेसबॉलमधला चेंडू टाकणारा, बदलायला उशीर का केला, फुटबॉलमध्ये चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या संधीला, चेंडू देऊन का टाकला, मालकाने चांगला खेळाडू दुसऱ्या संघाच्या पदरात का घातला, यावर तो तावातावाने बोलत असतो. त्या बोलण्यात बरोबरीने भाग घेता यावा, इतकी तयारी करून देणे हा या लेखाचा हेतू आहे. सगळ्या पायऱ्यांमागे माझा एकच आग्रह आहे: निर्णय घेतला गेला त्या क्षणी मैदानावर जे दिसत होते आणि जे माहीत होते, तेवढ्यावरच आपले मत उभे असले पाहिजे. निकाल लागल्यावर शहाणपण कोणालाही सुचते. या दोन्ही खेळांत मात्र प्रत्येक चेंडूआधी थोडी उसंत मिळते, त्यामुळे मत आधी न बनवण्याला सबब राहत नाही.

पहिली पायरी: प्रत्येक खेळात एकच संघ निवडावा

मेजर लीग बेसबॉलमध्ये ३० संघ आहेत आणि नॅशनल फुटबॉल लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, ३२. सगळ्यांचे थोडे थोडे पाहिले तर कोणाचेच नीट कळत नाही. आपण राहतो त्या भागातला संघ निवडणे सर्वांत चांगले, कारण त्याचे सामने सहज दिसतात आणि त्याच्याविषयी बोलायला माणसेही मिळतात. न्यू जर्सीत एडिसनच्या आसपास राहणाऱ्यांना बेसबॉलसाठी यांकीज आणि मेट्स यांपैकी एक निवडता येईल. फुटबॉलचे जायंट्स आणि जेट्स हे दोन्ही संघ नावात न्यूयॉर्क लावत असले, तरी खेळतात न्यू जर्सीतल्याच ईस्ट रदरफर्ड इथे. भारतातून पाहणाऱ्यांनी मात्र घड्याळाचा विचार करावा. पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला सुरू होणारा बेसबॉल सामना भारतात पहाटे साडेचारला सुरू होतो, आणि पश्चिम किनाऱ्यावरचा सकाळी साडेसातला. पुण्यात बसून रोज पाहायचे असेल, तर सॅन दिएगो, सिअ‍ॅटल किंवा सॅन फ्रान्सिस्को यांच्याशी नाते जोडणे सोयीचे पडते.

नुकत्याच जिंकलेल्या संघाच्या मागे लागू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जिंकणाऱ्या संघाचे सगळेच निर्णय बरोबर वाटू लागतात. हरणारा संघ पाहताना प्रश्न पडतात, आणि प्रश्नांतूनच समज वाढते.

इथेच एक फरक लक्षात घ्यावा. बेसबॉलच्या नियमित हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो आणि फुटबॉलमध्ये १७. शिकागो व्हाइट सॉक्सने २०२४ मध्ये १२१ सामने गमावून आधुनिक काळातल्या सर्वाधिक पराभवांचा विक्रम केला, आणि तरीही त्या संघाने ४१ सामने जिंकले. उत्तम संघसुद्धा हंगामात साठेक सामने हरतोच. म्हणून एप्रिलमध्ये लागोपाठ चार सामने हरल्यावर प्रशिक्षकाला हाकलण्याची मागणी करणारा बेसबॉलप्रेमी अजून कच्चा आहे, असे समजावे. फुटबॉलमध्ये मात्र चार पराभव म्हणजे जवळजवळ पाव हंगाम असतो, आणि तिथे ती मागणी अगदीच अवाजवी नसते.

दुसरी पायरी: बेसबॉलमध्ये चेंडूआधी काउंट पाहावा

क्रिकेट पाहत वाढलेल्या माणसाची नजर चेंडू मारला जाण्याच्या क्षणावर असते, आणि त्यामुळे त्याला बेसबॉलमध्ये काहीच घडत नाही असे वाटते. खरा खेळ त्या आधीच्या झुंजीत असतो. पिचरने टाकलेला चेंडू होम प्लेटवरच्या (बॅटर उभा असतो त्या जागेवरच्या) ठरावीक चौकटीतून गेला, किंवा बॅटरने बॅट फिरवूनही चेंडू लागला नाही, तर स्ट्राइक. चौकटीबाहेरचा चेंडू बॅटरने सोडून दिला तर बॉल. तीन स्ट्राइक झाल्या की बॅटर आउट आणि चार बॉल झाले की तो फुकटात पहिल्या बेसवर, म्हणजे धाव पूर्ण करण्यासाठी शिवायच्या तीन ठिकाणांपैकी पहिल्यावर; यालाच वॉक म्हणतात. फाउल, म्हणजे मारल्यावर रेषेबाहेर गेलेला, चेंडूही स्ट्राइकच मोजला जातो, पण नुसत्या फाउलने सहसा तिसरी स्ट्राइक होत नाही. पडद्याच्या कोपऱ्यात दिसणारा ३-१ किंवा ०-२ असा आकडा म्हणजे काउंट. त्यात बॉल आधी आणि स्ट्राइक नंतर लिहितात.

पहिले काही सामने फक्त एवढेच करावे: प्रत्येक चेंडूआधी काउंट पाहून पिचर आता काय टाकेल, हे मनाशी ठरवावे. ०-२ असताना पिचरला घाई नसते. तो चौकटीबाहेर वळणारा चेंडू टाकून बॅटरला मोहात पाडतो. ३-१ असताना त्याला चौकटीत चेंडू टाकणे भाग असते, बॅटरला ते माहीत असते, आणि बॅटरला माहीत आहे हे पिचरलाही माहीत असते. या ओढाताणीची सवय झाली की तीन तासांचा सामना कंटाळवाणा राहत नाही. शिवाय २०२३ पासून पिचरवर घड्याळाचे बंधन आले आणि सामने सरासरीने वीस मिनिटांहून अधिक लहान झाले. हा बदल खेळाच्या आत्म्यावर घाला आहे असे म्हणणारे जुने रसिक भेटतील. मला तो या शतकातला बेसबॉलमधला सर्वांत चांगला बदल वाटतो, कारण त्याने खेळातले काहीही न काढता फक्त रेंगाळणे काढले. याउलट, सामना बरोबरीत राहिल्यावर जादा इनिंगमध्ये दुसऱ्या बेसवर आयता धावपटू उभा करण्याचा नियम मला मान्य नाही. न कमावलेल्या धावेवर सामना निकाली काढणे या खेळाला शोभत नाही. सुदैवाने प्लेऑफमध्ये, म्हणजे नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत, तो नियम लागू नसतो.

तिसरी पायरी: एका निर्णयाची पूर्ण उकल करावी

मत कसे बनते हे पाहण्यासाठी २५ ऑक्टोबर २०२४ ची रात्र घेऊ. लॉस एंजेलिसमध्ये वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा, पहिला सामना, दहावी इनिंग, यांकीज ३-२ ने पुढे, आणि शेवटची फलंदाजी डॉजर्सची. एक बॅटर आउट झाला आहे, पहिल्या आणि दुसऱ्या बेसवर धावपटू आहेत, आणि समोर शोहेई ओतानी. त्याच्यानंतर मूकी बेट्स आणि मग फ्रेडी फ्रीमन. ओतानी आणि फ्रीमन डावखुरे, बेट्स उजवा. डावखुऱ्या बॅटरला डावखुरा पिचर सामान्यतः जड जातो, म्हणून यांकीजचे मॅनेजर अ‍ॅरन बून यांनी डावखुरा पिचर आणायचे ठरवले. इथपर्यंत कोणाचेच दुमत नव्हते.

प्रश्न होता तो कोणता डावखुरा. टिम हिल हा नियमित खेळत असलेला रिलीव्हर, म्हणजे सामन्यात मध्येच येणारा पिचर, होता, आणि त्याच्या चेंडूवर बॅटरचे फटके बहुधा जमिनीवरून जातात. दुसरा पर्याय नेस्टर कोर्टेझ, मुळात स्टार्टर, म्हणजे सामन्याची सुरुवात करणारा पिचर, आणि कोपराच्या दुखापतीमुळे १८ सप्टेंबरनंतर एकही सामना न खेळलेला. बून यांनी कोर्टेझला बोलावले. त्याच्या पहिल्याच चेंडूवर ओतानीचा उंच फटका डावीकडे फाउल भागात गेला आणि अ‍ॅलेक्स व्हर्ड्युगोने तो झेलला, पण झेलताना तो कठड्यावरून प्रेक्षकांत कोसळला. नियमानुसार दोन्ही धावपटूंना एकेक बेस पुढे मिळाला. आता दोन आउट, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर धावपटू, पहिला बेस मोकळा. उजव्या बेट्सला मुद्दाम चार बॉलचा वॉक देण्यात आला आणि तिन्ही बेस भरले. फ्रीमनने पुढच्याच चेंडूवर होम रन मारला, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर धाडला. डॉजर्स ६-३ ने जिंकले. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात सामना संपवणारा ग्रँड स्लॅम, म्हणजे तिन्ही बेस भरलेले असतानाचा होम रन, त्याआधी कधीच लागला नव्हता.

आता होम रन बाजूला ठेवून विचार करावा. माझे मत हिलच्या बाजूने आहे आणि त्याचे कारण फ्रीमनचा फटका हे नाही. एक आउट आणि पहिल्या बेसवर धावपटू असताना बचाव करणाऱ्या संघाला जमिनीवरून जाणारा फटका हवा असतो, कारण त्यावर एकाच वेळी दोघे आउट होऊन इनिंग संपू शकते. तसा फटका काढणारा पिचर हाताशी असताना पाच आठवडे न खेळलेल्या हाताकडे चेंडू देणे ही जोखीम मला समर्थनीय वाटत नाही. पण विरुद्ध बाजूही खरी आहे: बून यांना ओतानीविरुद्ध कोर्टेझ हवा होता, आणि ओतानी पहिल्याच चेंडूवर आउट झालासुद्धा. बेट्सला वॉक देण्यावर वेगळा वाद घालता येतो. बेस भरल्यावर पिचरला चौकटीबाहेर टाकायला जागा उरत नाही आणि फ्रीमनला ते ठाऊक असते. यांपैकी कोणतीही बाजू घ्यावी, फक्त कोणता पिचर हवा होता, कशासाठी हवा होता आणि त्या पर्यायात काय धोका होता, हे तिन्ही सांगता आले पाहिजे. ‘बूनला काही कळत नाही’ हे वाक्य म्हणजे मत नव्हे.

चौथी पायरी: आकडे वाचावेत, पण कोणते ते ठरवून

बेसबॉलमध्ये आकड्यांचा महापूर असतो. नवख्याने दोन-तीनच धरावेत. बॅटिंग अ‍ॅव्हरेज हा जुना आकडा वॉक मोजतच नाही, आणि त्याचा परिणाम पाहण्यासारखा आहे. समजा दोन बॅटर प्रत्येकी शंभर वेळा खेळायला आले. पहिल्याने २७ हिट (बेस गाठून देणारे फटके) आणि ३ वॉक मिळवले, दुसऱ्याने २४ हिट आणि १४ वॉक. वॉक वगळून हिशेब केला तर पहिल्याचे अ‍ॅव्हरेज ०.२७८ आणि दुसऱ्याचे ०.२७९, म्हणजे दोघे सारखेच. हिट आणि वॉक दोन्ही धरून ऑन-बेस टक्का काढला की पहिला ०.३०० वर राहतो आणि दुसरा ०.३८० वर जातो. नऊ इनिंगमध्ये संघाला एकूण २७ आउट मिळतात, तेच त्याचे भांडवल, आणि दुसरा बॅटर ते शंभरात आठ वेळा अधिक वाचवतो. ओकलंड अ‍ॅथलेटिक्सने या शतकाच्या सुरुवातीला हीच गोष्ट श्रीमंत संघांच्या आधी ओळखली आणि २००२ मध्ये थोड्या पैशांत उभ्या केलेल्या संघाने सलग २० सामने जिंकले.

पिचरच्या नावावरचे विजय आणि पराभव जवळजवळ दुर्लक्षित करावेत. न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डीग्रॉमने २०१८ मध्ये क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे झालेल्या धावा वगळता प्रति नऊ इनिंग अवघ्या १.७० धावा दिल्या, आणि त्याच्या खात्यावर विजय मांडले गेले फक्त १०; पराभव ९. त्याचे सहकारी धावाच काढत नव्हते. पुरस्काराचे मतदार शहाणे निघाले आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार त्यालाच मिळाला. फुटबॉलमध्येही असाच सापळा आहे: क्वार्टरबॅकने, म्हणजे पास फेकणाऱ्या खेळाडूने, एकूण किती यार्ड फेकले हा आकडा फसवतो, कारण मागे पडलेला संघ नाइलाजाने अधिक पास फेकतो. प्रत्येक प्रयत्नामागे किती यार्ड मिळाले, हे पाहणे अधिक प्रामाणिक.

पाचवी पायरी: फुटबॉलमध्ये डाउन, अंतर आणि घड्याळ एकत्र वाचावे

चेंडू ज्याच्याकडे आहे त्या संघाला दहा यार्ड पुढे जाण्यासाठी चार संधी मिळतात. प्रत्येक संधी म्हणजे एक डाउन. दहा यार्ड झाले की पुन्हा चार. समालोचक ‘थर्ड अँड सेव्हन’ म्हणतो तेव्हा तिसरी संधी आहे आणि सात यार्ड हवे आहेत. टचडाउनचे, म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे नेण्याचे, सहा गुण, त्यानंतर किकचा एक किंवा पुन्हा धावून अथवा पास देऊन दोन, आणि फील्ड गोलचे, म्हणजे खांबांमधून किक मारण्याचे, तीन. चेंडू जिथे आहे त्या यार्डरेषेच्या आकड्यात साधारण सतरा मिळवले की फील्ड गोलचे अंतर निघते. पळणारा खेळाडू मैदानातच पाडला गेला तर घड्याळ चालू राहते, आणि पास कोणी झेलला नाही तर थांबते. या शेवटच्या वाक्यावर फुटबॉलमधले निम्मे वाद उभे आहेत.

त्यांतला सर्वांत प्रसिद्ध वाद १ फेब्रुवारी २०१५ च्या सुपर बोलचा, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्याचा. न्यू इंग्लंड पेट्रियट्स २८, सिअ‍ॅटल सीहॉक्स २४. सीहॉक्सकडे चेंडू, गोलरेषा एका यार्डावर, दुसरा डाउन, घड्याळात २६ सेकंद आणि हाताशी एकच टाइमआउट. मार्शॉन लिंचसारखा बैलाच्या ताकदीने रेटत जाणारा रनिंग बॅक मागे उभा. सीहॉक्सने पास फेकला, माल्कम बटलरने तो मधल्या मध्ये पकडला आणि सामना संपला. लिंचला चेंडू का दिला नाही, हा प्रश्न आजही विचारला जातो आणि बहुतेक जण तो निर्णय मूर्खपणाचा ठरवून मोकळे होतात.

घड्याळ घेऊन बसले तर चित्र बदलते. सीहॉक्सकडे तीन डाउन होते. दुसऱ्या डाउनला लिंच पाडला गेला असता तर टाइमआउट खर्ची पडला असता. मग तिसऱ्या डाउनला पुन्हा धावून अडकणे परवडले नसते, कारण घड्याळ थांबवायला काहीच उरले नसते. म्हणजे तिन्ही डाउन वापरायचे तर त्यांतला एक पास असणे भागच होते. तो दुसऱ्याच डाउनला फेकला आणि कोणी झेलला नाही, तर घड्याळ आपोआप थांबते, टाइमआउट शाबूत राहतो आणि पुढचे दोन्ही डाउन लिंचला देता येतात. त्यामुळे पासचा निर्णय मला चुकीचा वाटत नाही. माझी तक्रार पासच्या जातीबद्दल आहे. गोलरेषेजवळच्या गर्दीत आत वळणारा पास बचावपटूच्या हाती पडण्याची शक्यता असते; कोपऱ्याकडे उंच फेकलेला पास एकतर आपल्या खेळाडूला मिळतो नाहीतर सहसा कोणालाच नाही. शिवाय पेट्रियट्सने सरावात हाच डाव घोटला होता आणि बटलर त्या सरावात एकदा फसलाही होता. त्याने दुसऱ्यांदा फसण्यास नकार दिला, याचे श्रेय त्याला आणि त्याच्या प्रशिक्षकांना द्यावे. सगळे माप सीहॉक्सच्या पदरात टाकणे अन्यायाचे आहे.

चौथ्या डाउनबद्दलही मत हवे. पंट करून चेंडू दूर धाडायचा, फील्ड गोल मारायचा, की उरलेल्या एक-दोन यार्डांसाठी झुंजायचे? पूर्वी प्रशिक्षक डोळे झाकून पहिले दोन पर्याय घेत. आता हिशेब मांडणारी माणसे त्यांच्या दिमतीला असतात आणि झुंजण्याचे प्रमाण वाढले आहे. २८ जानेवारी २०२४ ला डेट्रॉइट लायन्सचे प्रशिक्षक डॅन कॅम्पबेल यांनी सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सविरुद्ध दोनदा फील्ड गोल सोडून झुंजणे पसंत केले, दोन्ही प्रयत्न फसले आणि मध्यांतराला २४-७ ने पुढे असलेला संघ ३४-३१ ने हरला. पहिल्या प्रयत्नात चेंडू जॉश रेनॉल्ड्सच्या हातात येऊन निसटला होता. हातातून निसटलेला झेल हा प्रशिक्षकाचा गुन्हा होत नाही, आणि वर्षभर ज्या धाडसाने तो संघ तिथवर पोहोचला ते धाडस त्या संध्याकाळी गुंडाळून ठेवायला हवे होते, असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही.

सहावी पायरी: पंचांवर बोलताना संयम राखावा

पंचांना दोष देणे सर्वांत सोपे. म्हणून त्याला सर्वांत कमी वेळ द्यावा, पण जिथे अन्याय खराच झाला तिथे नियम बदलण्याची मागणी ठामपणे करावी. २ जून २०१० ला डेट्रॉइटच्या आर्मांडो गॅलारागाने लागोपाठ २६ बॅटर आउट केले होते. सत्ताविसाव्याचा चेंडू जमिनीवरून गेला, पहिल्या बेसवर तो स्पष्ट आउट होता, आणि पंच जिम जॉइस यांनी त्याला नाबाद ठरवले. परफेक्ट गेम, म्हणजे एकही बॅटर बेसवर न पोहोचलेला सामना, हातचा गेला. जॉइस यांनी सामन्यानंतर रिप्ले पाहून चूक कबूल केली. दुसऱ्या दिवशी गॅलारागाने स्वतः जाऊन संघयादी त्यांच्या हातात दिली तेव्हा जॉइस यांचे डोळे भरून आले होते. बेसबॉलने २०१४ पासून रिप्लेची व्याप्ती वाढवली. २०२६ पासून बॉल-स्ट्राइकच्या निर्णयालाही दाद मागता येते: बॅटर, पिचर किंवा कॅचरने (बॅटरमागे बसून चेंडू झेलणाऱ्याने) डोक्यावर टिचकी मारायची, आणि यंत्र उत्तर देते. प्रत्येक संघाला अशा दोन संधी असतात आणि दाद खरी ठरली तर संधी शिल्लक राहते. सगळे निर्णय यंत्राकडे सोपवण्यापेक्षा ही मर्यादित सोय मला अधिक पटते.

फुटबॉलमध्ये जानेवारी २०१९ मध्ये न्यू ऑर्लीन्स सेंट्सच्या रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूला, चेंडू येण्याआधीच धडक बसली, पंचांनी दंडाचा झेंडा टाकलाच नाही आणि सुपर बोलचे तिकीट प्रतिस्पर्धी रॅम्सना मिळाले. एनएफएलने पुढच्या हंगामात अशा धडकांना रिप्लेची मुभा दिली, ती राबवताना गोंधळ उडाला आणि एका वर्षात ती मागे घेतली. घाईने केलेला नियम अन्याय दूर करत नाही, हे या प्रकरणात दिसले.

सातवी पायरी: दुखापतींबद्दल गप्प बसू नये

अमेरिकन फुटबॉलवर प्रेम करणाऱ्याने ही बाब टाळता कामा नये. डोक्याला वारंवार बसणाऱ्या धक्क्यांमुळे मेंदूला होणारी इजा अनेक माजी खेळाडूंच्या मृत्यूनंतरच्या तपासणीत आढळली आहे. २५ सप्टेंबर २०२२ ला मायामी डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक टुआ टॅगोवायलोआ डोके आपटल्यानंतर उठताना सर्वांसमोर लडखडला, तरी त्याच सामन्यात परतला. चारच दिवसांनी सिनसिनाटीत त्याला स्ट्रेचरवरून न्यावे लागले. त्यानंतर नियम कडक झाले आणि तोल जात असलेल्या खेळाडूला त्या दिवशी पुन्हा उतरवण्यास मनाई झाली. आपल्या संघाचा खेळाडू लडखडताना दिसला की ‘उठ, खेळ’ असे ओरडणाऱ्यांत आपण असू नये. तो बाहेर बसल्यामुळे सामना हरला तर हरला. त्या गुरुवारी खेळाडूला उतरवणे चूक होते, असे म्हणायला वैद्यकाची पदवी लागत नव्हती. रविवारची चित्रे सर्वांनी पाहिली होती.

आठवी पायरी: पैसा आणि मालक यांचा अभ्यास करावा

मैदानावर दिसणाऱ्या अनेक गोष्टी कार्यालयात ठरलेल्या असतात. एनएफएलमध्ये राष्ट्रीय टीव्हीचा पैसा सर्व संघांत समान वाटला जातो आणि पगारावर कडक कमाल मर्यादा असते. म्हणूनच जेमतेम लाखभर वस्तीच्या ग्रीन बे शहराचा पॅकर्स संघ न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसच्या संघांशी बरोबरीने झुंजतो. त्या संघाला एक मालकच नाही. त्याचे पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत, त्यांना लाभांश मिळत नाही, आणि तरी शेअर विक्रीला निघाले की लोक उड्या टाकतात. दोन्ही खेळांत संघाची मालकी कशी असावी याचा मला एवढा एकच नमुना मनापासून आवडतो.

बेसबॉलमध्ये अशी कमाल मर्यादा नाही. ठरावीक आकड्यापलीकडे खर्च केला तर कर भरावा लागतो. डॉजर्सनी डिसेंबर २०२३ मध्ये ओतानीशी दहा वर्षांचा ७० कोटी डॉलरचा करार केला, त्यातले ६८ कोटी पुढच्या काळात द्यायचे ठरले, आणि २०२४ व २०२५ या दोन्ही वर्षी त्यांनी विजेतेपद मिळवले. पैशाने विजेतेपद विकत घेतले, अशी ओरड तेव्हापासून चालू आहे. पण २०२५ च्या नियमित हंगामात सर्वाधिक, म्हणजे ९७ सामने जिंकले ते मिलवॉकी ब्रुअर्सने, आणि त्यांचा पगारखर्च डॉजर्सच्या तुलनेत फारच कमी होता. पुढे प्लेऑफमध्ये डॉजर्सनी त्यांना ४-० असे धुतले, हेही खरे. माझा राग खर्च करणाऱ्या मालकांवर नाही, खिशात हात न घालणाऱ्यांवर आहे. ओकलंडचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. १९६८ पासून तिथे खेळलेल्या आणि चार वर्ल्ड सिरीज जिंकलेल्या अ‍ॅथलेटिक्सने २६ सप्टेंबर २०२४ ला तिथला शेवटचा सामना खेळला. त्या दिवशी मैदानात सेहेचाळीस हजारांहून अधिक लोक होते. संघ लास व्हेगासला जाण्याच्या वाटेवर सॅक्रामेंटोजवळच्या एका लहान मैदानात खेळू लागला. ओकलंडचाच फुटबॉल संघ रेडर्स, तेही २०२० मध्येच लास व्हेगासला गेले होते. मालकांनी आधी संघ स्वस्तात चालवायचा, लोक येईनासे झाले की शहराला दोष द्यायचा आणि निघून जायचे, ही रीत कोणत्याही शहराच्या चाहत्याने सहन करू नये, कारण उद्या ती वेळ त्याच्यावर येऊ शकते.

नववी पायरी: वर्षाचे वेळापत्रक आणि हाताशी वही

बेसबॉल मार्चअखेर सुरू होतो, जुलैअखेरच्या सुमारास खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत संपते आणि ऑक्टोबरात प्लेऑफ असतात. एनएफएलचा हंगाम सप्टेंबरच्या सुरुवातीला, गणेशोत्सवाच्या आसपास उघडतो आणि फेब्रुवारीत सुपर बोलने संपतो. एप्रिलमध्ये ड्राफ्ट, जिथे सर्वांत वाईट संघाला नवे खेळाडू निवडण्याचा पहिला हक्क मिळतो. भारतातून रविवारचे दुपारचे सामने रात्री साडेदहाला, आणि नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळे मागे गेल्यावर साडेअकराला सुरू होतात. सुपर बोल सोमवारी पहाटे पाचला असतो. त्या दिवसाची रजा आधीच टाकून ठेवावी.

अमेरिकेत असाल तर पहिला सामना मैदानात जाऊन बेसबॉलचा पाहावा. घरच्या मैदानावर ८१ सामने होत असल्याने आठवड्याच्या मधल्या दिवशी वरच्या मजल्याचे तिकीट बहुधा परवडणारे असते, तर फुटबॉलचे जेमतेम आठ-नऊ घरचे सामने असल्याने तिथे खिसा बराच हलका होतो. मैदानात स्कोअरकार्ड घेऊन बसावे. पिचर १, कॅचर २, पुढे पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला) ६ आणि बाहेरचे तिघे ७, ८, ९ असे क्षेत्ररक्षकांचे क्रमांक असतात. शॉर्टस्टॉपने चेंडू दुसऱ्या बेसवाल्याला आणि त्याने पहिल्याला देऊन दोघांना आउट केले, तर ६-४-३ असे लिहितात. हे लिहिताना नजर आपोआप योग्य ठिकाणी जाते.

त्याच कागदाच्या समासात, किंवा घरी पाहताना साध्या वहीत, आपली मतेही लिहावीत, आणि ती चेंडू पडण्याआधी. ‘आठवी इनिंग, दोघे बेसवर, पिचर थकला आहे, आत्ता बदला’. ‘फोर्थ अँड वन, झुंजा’. सट्ट्याच्या अ‍ॅपवर पैसे लावून हीच उत्कंठा मिळवता येते असे जाहिराती सांगतील. त्या वाटेला जाऊ नये, कारण पैसे लावलेला माणूस निर्णयाकडे पाहत नाही, फक्त निकालाकडे पाहतो. महिनाभराने वही उघडून निकाल बाजूला ठेवावेत आणि आपली कारणे तेवढी वाचावीत; जी कारणे अजूनही पटतात ती घेऊन शेजारच्या खुर्चीतल्या माणसाशी वाद घालायला बसावे.